कळी उमलायच्या आत

नमस्कार मंडळी. मला दिलेल्या विषयात 'आउटरीच', म्हणजे आपल्या समाजाबाहेरच्या लोकांपर्यंत पोचणं, असा एक शब्द आहे, तो वाचला आणि मी आधी भावाला फोन लावला. तो तेव्हा वाडीत केळींना पाणी सोडत होता. म्हटलं, अरे आपण आउटरीच काय करतो, तर म्हणाला पहाटेची लोकल पकडतो, आणखी काय. आता हसा तुम्ही, पण मला आज जे सांगायचंय ते जवळजवळ एवढंच आहे.

मी वसईची. वसई म्हटलं की पुण्याकडच्या लोकांना किल्ला आणि चिमाजीअप्पा आठवतात, बरोबरच आहे, पण १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत पोर्तुगीज तिथे होते आणि त्या काळात जे ख्रिस्ती झाले ते किल्ल्यात नाही राहिले, ते वाडीतच राहिले. पोर्तुगीज गेले, आडनावं ठेवून गेले, म्हणून आम्ही डाबरे, डिमेलो, लोपीस, तुस्कानो. बाकी बोली कादोडी, बायकांना लाल लुगडं, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. आमची एक आत्या दादरच्या गिऱ्हाइकाला सांगायची, रविवारी उशीर होईल हो, देवळात जायचंय, आणि बाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं की कुठल्यातरी देवीला जातात.

आमची वाडी म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, त्यात केळी, नारळ, पानवेली, थोडी भाजी, बांधाला सोनचाफा, आणि जास्वंद. जास्वंदीबद्दल जरा थांबून सांगते कारण ती कळी असताना तोडावी लागते, उमलली की संपलं, हार करणारा घेत नाही. म्हणून तीन-साडेतीनला उठायचं, आधी कंदील होता, मग हातातली बॅटरी आली, आता डोक्याला पट्टा बांधून लाइट लावतात, आणि ओल्या झाडांमधून एकेक कळी खुडत जायचं. आई खुडता खुडता जपमाळ म्हणायची. आम्ही तिला तेर्स म्हणतो. हातात माळ धरता यायची नाही ना, म्हणून तिचा हिशोब ओळींवर, ही ओळ संपली की एक रहस्य, म्हणजे जपमाळेचा एक भाग, झालं. झाडं कमीजास्त असायची, त्यामुळे देवाच्या हिशोबात काय भरलं ते त्यालाच ठाऊक. मग त्या कळ्या केळीच्या पानात बांधून, भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून, टोपली डोक्यावर आणि स्टेशन. दुधाच्या कॅनवाले आमचेच लोक, भाजीवाल्या आमच्याच, सगळे लगेजच्या डब्यात, आणि सकाळी दादरला पोचलं की त्या कळ्या कुणाच्या गणपतीला जायच्या ते आम्हाला कळायचंही नाही.

आमच्या घरात भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्या शेजारी कालनिर्णय. पाहुणे विचारायचे, हे कशाला, तर अहो संकष्टी कधी आहे ते कळायला नको? अंगारकी असेल तर कळीला भाव, गणपतीत तर विचारूच नका, आणि पितृपक्षात फूल पडून राहतं. आईला भस्म बुधवार, आमचा उपासकाळ सुरू होतो तो दिवस, एखाद्या वेळी विचारावा लागायचा पण अंगारकी कधीच नाही. शुक्रवारी स्वतः मांसमच्छी न खाणारी बाई, दुसऱ्याच्या चतुर्थीचा हिशोब ठेवून होती, आणि मला वाटतं धर्माधर्मांतल्या संवादावर जे परिसंवाद वगैरे होतात, मी पण दोन-तीन केलेत, त्यातलं काहीच या कॅलेंडरइतकं साधं नव्हतं. यात पैसा होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. भक्तीच्या गोष्टी करताना आमचे लोक हे सोडून देतात, ते मला पटत नाही.

पाण्याचं सांगायला हवं. समुद्र एवढा जवळ आणि पाणी गोडं, ते कसं, तर बावखल. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं उथळ तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि खालून खारं पाणी वर सरकत नाही. त्यावर रहाट, रहाटाला रेडा. पोरांचं काम रेड्यामागे फिरायचं, मी कविता पाठ केल्या त्या रेड्यामागे. या बावखलावर कुणाची मालकी असली तरी शेजारचे हिंदू वाडवळ, भंडारी, सगळे त्याच पाण्यावर, कारण जमिनीखाली बांध घालता येत नाही. पुढे पंप आले, मग टँकर आले, विहिरीचं पाणी विकायला लागले लोक, त्यात आपलेही होते, बावखलं भरून त्यावर घरं उठली आणि काही ठिकाणी विहिरीचं पाणी मचूळ झालं. ऐंशीचं दशक संपता संपता हरितपट्टा बांधकामाला मोकळा व्हायला लागला तेव्हा हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून ते आधीपासून घराघरात माहीत होते आणि २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते तुम्हाला आठवत असेलच. मोर्चात झगा घातलेले फादर आणि टोपीवाला वाडवळ शेजारी शेजारी चालत होते. काहींना घरी बोलणी पडली की फादरनी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, करावी, मोर्चे कशाला. माझं मत, पाणी गेलं तर मिस्सेला येणार कोण?

आता एक फजिती. आमच्या धर्मग्रामातले, म्हणजे एकाच देवळाला जाणारे, आम्ही दहाबारा जण एकदा डोंगराकडच्या एका आदिवासी पाड्यावर गेलो, सेवा करायला, तोच शब्द होता बॅनरवर. टेंपोभर केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, नेले, कारण आम्हाला केळ येते आणि आम्हाला वाटलं सगळ्यांना यावी. भर उन्हात लावून, प्रार्थना म्हणून, फोटो काढून आलो. पाऊस पडल्यावर परत गेलो तर मोजकेच जगलेले. तिथल्या एका म्हातारीने काही न बोलता आम्हाला जगलेले दाखवले, ते तिने उपटून पाणी उतरून येतं त्या खाचेत, कारलीच्या मांडवाशेजारी लावले होते. आमची वाळूची जमीन, तिचा मुरूम, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. येताना तिने आम्हाला कारल्याचं बी दिलं, ते भावाच्या कुंपणावर अजून चढतं. बॅनर कुठे गेलं माहीत नाही.

आता विचाराल की आज काय. वाड्या विकल्या गेल्यात हे खरंय, पोरं बँकेत आहेत, परदेशी आहेत, माझा मुलगाही वाडीत नाही त्यामुळे मी कुणाला बोट दाखवणार नाही. भाऊ आहे, त्याची बायको आहे, कळ्या खुडायला आता मजुरीने बायका येतात, त्यातल्या काही त्याच डोंगराकडच्या. वहिनी तेर्स म्हणते, त्या आपली गाणी म्हणतात, एकाच ओळीत दोन्ही चालतं. मी सुट्टीला गेले की मलाही उठवतात, माझ्याकडून निम्म्या कळ्या देठाशिवाय तुटतात आणि वहिनी तोंडावर सांगते की ताई तुम्ही चहा ठेवा.

बरं, वेळ झाली असं खूण करतायत. दाराशी टेबलावर सुकेळी ठेवलीत, राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं, सात-आठ दिवस लागतात आणि रोज संध्याकाळी आत घ्यावं लागतं, नाहीतर दव लागून काळं पडतं. घरचीच आहेत, पैसे डब्यात टाका, आणि सुट्टे असतील तर बरं.