कल्चर रिपोर्ट खरा, औषधही खरं, मग पू का थांबत नाही?

मंडळी, काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. ट्रॅक्टर उलटून मांडीचं हाड मोडलेलं, आत रॉड टाकलेला, हाड छान जुळलेलं. पण टाक्यांच्या एका कोपऱ्यातून सारखं पाणी यायचं. गोळ्या चालू असल्या की थांबायचं, बंद केल्या की पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. पिशवीत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एक कल्चर रिपोर्ट, म्हणजे जखमेतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेली तपासणी. रिपोर्टात एकाखाली एक औषधांची नावं आणि बहुतेकांपुढे 'एस', म्हणजे या जंतूवर हे औषध चालतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, कागद खोटा का गोळी खोटी?"

दोन्ही खरी होती.

उन्हाळ्यात माठ चार-सहा दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत लागतो. पाणी बदला, विसळा, तो थर हलत नाही. काथ्या घेऊन घासावंच लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती केलेलं घर. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. 'जैवपटल' असा मराठी शब्दही आहे, पण मी आपला थरच म्हणेन.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती दातांवरच्या किटात. १६८० च्या दशकात हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचं कीट भिंगाखाली पाहिलं. त्यात जिवंत किडे वळवळत होते. त्यांनी व्हिनेगर वापरून पाहिलं, तर वरवरचे मेले आणि आतले तसेच! हाडात धातू घालणाऱ्या आम्हा लोकांची अडचण साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती, म्हणायची.

आता धातूकडे येऊ. प्लेट असो, रॉड असो की बदललेला गुडघा, त्यात रक्त फिरत नाही. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशींचा पहारा नाही. १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस हे पू करणारे जंतू टोचून पाहिले. नुसते टोचले तर पू व्हायला लाखोंनी जंतू लागत. तिथेच रेशमाच्या टाक्याचा तुकडा ठेवला तर काही शेकडे पुरले. एवढ्याशा धाग्यानं हा फरक पडतो, मग हातभर रॉडचं काय? ऑपरेशन थिएटरमधल्या शुद्ध हवेचं, हात धुण्याचं आमचं वेड येतं ते इथून.

धातूवर चिकटलेला जंतू साखरेची, प्रथिनांची, मेलेल्या भाऊबंदांच्या डीएनएची लुकण काढतो आणि आत वस्ती करतो. आतल्या खोलीत हवा कमी, खाणं कमी. तिथले जंतू मग झोपल्यासारखे राहतात, वाढतच नाहीत. पेनिसिलिनच्या जातीची औषधं काय करतात? जंतू आपली भिंत बांधत असताना बांधकाम बिघडवतात. पण गवंडीच झोपला असेल तर बिघडवणार काय? प्रयोगशाळेत आम्ही तपासतो ते सुटे, जोमानं वाढणारे जंतू. त्यांच्यासाठी 'एस' अगदी बरोबर. थरातल्यांना मारायला तेच औषध कधी कधी हजारपट लागतं, आणि तेवढं दिलं तर आधी रुग्णाची किडनी जाईल.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोक म्हणतात, जंतू 'रेझिस्टंट' झाला, म्हणजे औषधाला दाद देईनासा झाला. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पाहिलं की पेनिसिलिनच्या माऱ्यातून दहा लाखांत एखादा जंतू वाचतो, पण त्याची पिल्लं पुन्हा पेनिसिलिननं तशीच मरतात. म्हणजे तो बदललेला नव्हता, फक्त दडी मारून बसला होता. खरा रेझिस्टन्स वेगळा, तो जनुकात असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जातो. मात्र दडी मारलेल्यांवर महिनोन्‌महिने अर्धवट गोळ्यांचा मारा करत राहिलं की त्यांतूनच खरे रेझिस्टंट निपजतात. थरात सगळे खेटून राहतात, जनुकांची देवाणघेवाणही चालते. मेडिकलमधून आणलेली "मागच्यासारखीच" पाच दिवसांची स्ट्रिप हेच काम करते.

औषध मुळीच नाही असं नाही. रिफाम्पिसिन, टीबीच्या गोळीतलं, लघवी नारिंगी करणारं, ते स्टॅफिलोकॉकसच्या थरात शिरतं. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ३३ रुग्णांवर लहानसा अभ्यास झाला. ज्यांनी पूर्ण उपचार घेतले त्यांच्यात रिफाम्पिसिन जोडीला असलेले १२ पैकी १२ बरे झाले, नसलेले १२ पैकी ७. पण संसर्ग ताजा होता, धातू घट्ट होता आणि आधी जखम उघडून साफ केलेली होती, हे विसरू नका. आणि हे औषध एकटं कधीही द्यायचं नाही, जंतू बघता बघता त्याला निर्ढावतो. टीबीच्या या देशात तर नाहीच नाही.

म्हणून काथ्या. पहिल्या काही आठवड्यांत पकडलं तर घासूनपुसून धातू ठेवता येतो. उशीर झाला आणि हाड जुळलं असेल तर धातू काढणं बरं. हाड जुळलं नसेल तर अवघड. हलतं हाड संसर्ग वाढवतं, म्हणून पू येत असतानाही घट्ट बसलेला रॉड कधी कधी मुद्दाम ठेवावा लागतो. नातेवाइकांना हे पटवताना माझी निम्मी ओपीडी जाते.

त्या शेतकरीदादांच्या सगळ्या गोळ्या मी आधी दोन आठवडे बंद केल्या. ते घाबरले. पण त्यामागे कारण होतं. २००७ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी रुग्णांमधून काढलेले कृत्रिम सांधे द्रवात बुडवून अल्ट्रासाउंडनं हलवले आणि सुटलेले जंतू वाढवले. शस्त्रक्रियेआधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये नेहमीच्या कल्चरनं ४५ टक्क्यांत जंतू सापडला, या पद्धतीनं ७५. गोळी थराला मारत नाही, पण आमचा पुरावा मात्र पुसून टाकते.

रॉड काढला, पोकळी खरवडून धुतली. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "तो रॉड द्या की, घरी खुंटीला लावतो." म्हटलं, दादा, तो आत्ता प्रयोगशाळेत डब्यात बसून थरथरतोय. त्याच्या अंगावरचं सगळं झडलं की बघू.