गनशिवाय प्रायमर

(पडद्यावर: खाली उतरवलेला गाडीचा दरवाजा. अर्धा निळा, अर्धा उघडा पत्रा. फक्त सँडपेपर घासल्याचा आवाज.)

हा आवाज ओळखीचा करून घ्या. पुढचे दोन-तीन दिवस तोच सोबतीला आहे.

गाडी रंगवायची म्हटलं की डोळ्यांपुढे स्प्रे गन येते, कॉम्प्रेसर येतो, दिव्यांनी उजळलेली बंद खोली येते. शेवटच्या रंगाला ते सगळं हवंच. प्रायमरचं, म्हणजे रंगाखालच्या थराचं, तसं नाही. गनला मान आहे तो तिच्या गुळगुळीतपणामुळे, आणि प्रायमरचा वरचा थर तर आपण घासूनच काढणार असतो. त्यामुळे गन नसल्याची भरपाई इथे मनगटाने करता येते.

(पत्र्यावरून फिरणारी बोटं, अगदी जवळून.)

रंग उडालेल्या जागेची कड बोटाला पायरीसारखी लागते. ती लागतेय तोवर प्रायमरचा डबा उघडायचा नाही. आधी १८० नंबरचा पेपर, मग ३२०. निळा रंग, त्याच्या आत जुन्या प्रायमरचा करडा पट्टा, त्याच्या आत चकचकीत पत्रा, असे नकाशातल्यासारखे पट्टे दिसू लागले आणि ते चांगले रुंद झाले की उतार जमला. खड्ड्यात गंजाचा काळा ठिपका उरला असेल तर तो आधी काढायचा. प्रायमरखाली गंज मरत नाही, नुसता झाकला जातो.

मग पुसायचं. मेण आणि तेलकटपणा काढणारं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. आपोआप वाळू दिलं तर तेल होतं तिथेच राहतं, फक्त पसरून. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही. आणि घासलेला पत्रा रात्रभर तसाच सोडायचा नाही. हवा दमट असेल तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते.

(डब्याचं झाकण उघडतं. काठीने तळापासून ढवळणं.)

उघड्या पत्र्यावर पहिला मान इपॉक्सी प्रायमरचा. तो घट्ट धरतो आणि ओल आत जाऊ देत नाही. त्यावर हाय बिल्ड प्रायमर, म्हणजे जाड बसणारा, घासल्याच्या रेघा भरून काढणारा. दोन्हींत हार्डनर, म्हणजे प्रायमर कडक करणारा दुसरा घटक, मोजूनच घालायचा. अंदाजपंचे घातला, तर आठवड्यानेही नख रुतेल.

इथे जरा थांबू या. हाय बिल्ड प्रायमर बहुधा युरेथेनचा असतो, आणि युरेथेन प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि कागदी मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. म्हणून हार्डनरवाला प्रायमर घरी फवारू नये, असं माझं ठाम मत आहे. रोलरने तुषार उडत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. तरीही दारं उघडी, हातमोजे, चष्मा आणि वाफा अडवणारा कार्बनचा मास्क, यातलं काही वगळायचं नाही.

(ट्रेमध्ये फिरणारा छोटा रोलर.)

रोलर चार इंची, बारीक आणि घट्ट फोमचा. भिंतीचा केसाळ नको. ट्रेच्या उतारावर तो निथळून घ्यायचा. पहिला हात इतका पातळ की पत्रा आरपार दिसला पाहिजे. बघायला तो अगदी भिकार दिसतो. दिसू दे. एकदाच झाकायला गेलं की ओघळ आलेच. दुसरा हात आडवा, तिसरा उभा. मधे किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. बुडबुडे दिसले तर रोलर बिलकूल न दाबता, नुसत्या त्याच्या वजनाने एकदा फिरवायचा. हँडलच्या खाचेत ब्रश.

लहान जागेला स्प्रे कॅन पुरतो. आतली गोळी वाजू लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा. अंतर साधारण २५ सेंटीमीटर. फवारा पत्र्याबाहेर सुरू, पत्र्याबाहेर बंद, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा. फार लांबून मारलं की थेंब वाटेतच सुकतात आणि पत्र्यावर पिठासारखे बसतात. मात्र कॅनचा साधा, हार्डनर नसलेला प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो. तेवढ्यावर गाडी पावसात काढली, की पोपड्यांची तयारी झाली समजा.

(करड्या दरवाजावर काळ्या रंगाची विरळ धूळ बसते.)

आता सगळ्यात गमतीचा भाग. वाळलेल्या प्रायमरवर काळ्या स्प्रेची लांबून नुसती भुरभुर. मग ४०० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तिरपा चालवायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचेच चर पडतात. उंचवट्यावरचं काळं लगेच जातं, खोलगटात टिकून राहतं. रोलरचा संत्र्याच्या सालीसारखा पोत आधी ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, मग विरळ होत जातो, मग सपाट करडा.

(पेपर थांबतो. कॅमेरा हँडलच्या खाली.)

इथे मसुराएवढं काळं अजून आहे. आणखी घासावं तर शेजारी पत्रा चमकायला लागलाय.

रोलर पुन्हा काढावा लागणार.