भूल देण्याआधीचे प्रश्न

[दृश्य: नागपूर, धंतोली. एका रुग्णालयातला तपासणी कक्ष. शस्त्रक्रियेचा आदला दिवस.]

"काका, तोंड उघडा. जेवढं उघडता येईल तेवढं. आता तुमची तीन बोटं उभी धरून आत घाला."

दोनच बोटं जातात.

"खर्रा खाता का?"

"खातो जी. पण आता कमी केला."

"कधीपासून?"

काका बायकोकडे पाहतात. उत्तर ती देते. "लग्नाच्या आधीपासून."

भूलतज्ज्ञ हे कागदावर लिहून घेतात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात राहिला, की तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो. पूर्ण भूल देताना बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांत श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तोंड उघडत नाही हे आदल्या दिवशी कळलं, तर घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच, नाकावाटे बारीक लवचीक दुर्बिणीवरून नळी घालता येते. हेच भूल दिल्यानंतर कळलं, तर हातात मोजकी मिनिटं उरतात.

म्हणून हे प्रश्न. नागपुरात आणखी एक प्रश्न हमखास येतो: घरात कुणाला सिकलसेल आहे का? विदर्भात हा आजार बराच आढळतो. शरीरात प्राणवायू कमी पडला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी झालं, तर या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आधी माहीत असेल तर सलाइन, प्राणवायू आणि अंगावरचं गरम पांघरूण यांची तयारी थिएटरमध्ये असते.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर. मॉनिटरचा आवाज.]

भूल म्हणजे गाढ झोप, असं आपण समजतो. पण झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भूल दिलेला उठत नाही, आणि अनेकदा त्याचा श्वासही आपणहून चालत नाही.

शिरेतून जाणारं हे दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा परिणाम वाढवतं. गाबाचं काम मुळातच मेंदूच्या पेशींना शांत करण्याचं. साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात मेंदूच्या भागांचं एकमेकांशी बोलणं तुटतं आणि शुद्ध हरपते. पण एकदा दिलेला डोस काही मिनिटांतच मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतो. म्हणून पुढे सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासातून चालू ठेवतात. वेदनेसाठी फेंटानिल वेगळं. स्नायू सैल करायला आणखी एक औषध, आणि ते दिलं की श्वासाचे स्नायूही थांबतात. तिथून पुढचा प्रत्येक श्वास यंत्र देतं आणि भूलतज्ज्ञ पाहतात.

काय पाहतात? बोटावरचा चिमटा रक्तातला प्राणवायू दाखवतो. नेलपॉलिश पुसून या असं सांगतात ते यासाठी. दुसऱ्या पडद्यावर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ असते. नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ही रेघ काही श्वासांतच सपाट होते. माझ्या मते थिएटरमधली सर्वांत मोलाची रेघ ती हीच.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी सर्वांसमोर ईथर दिलं, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. नाडीवर बोट आणि ओठांच्या रंगावर नजर, एवढ्यावरच सगळं चालायचं.

[दृश्य: मे महिन्याची दुपार. वॉर्डाबाहेर थांबलेले नातेवाईक.]

उपाशी राहण्याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. भूल दिल्यावर घशाची राखण थांबते. पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरू शकतं. म्हणून तर्री-पोह्यांसारख्या तेलकट खाण्यानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास थांबतात. दुधाचा चहासुद्धा ६ तासांतच धरतात. "अर्धा कपच घेतला होता" हे लपवू नका. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. मात्र साधं पाणी सहसा २ तास आधीपर्यंत चालतं. नागपूरच्या उन्हाळ्यात आजीला रात्रीपासून कोरडं ठेवलं, तर भूल देताच तिचा रक्तदाब कोसळू शकतो. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर वेळा बदलतात. त्या आपल्या भूलतज्ज्ञांनाच विचारा.

[दृश्य: दंतवैद्याची खुर्ची.]

फक्त जागा बधिर करायची असेल, तर मेंदूला हात लावावा लागत नाही. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आत शिरून सोडियम आत येण्याची दारं बंद करतं, आणि वेदनेचा निरोप निघतच नाही. वेदना नेणारे बारीक तंतू आधी बंद पडतात, दाब कळवणारे जाड तंतू नंतर. म्हणून दात काढताना ओढल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे औषध नसेत नीट शिरत नाही. "मला भूल चढतच नाही" असं सांगणाऱ्या कित्येकांची खरी अडचण ही असते.

या इंजेक्शनलाही मर्यादा आहे. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन साधारणपणे किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. ५० किलोच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं जेमतेम साडेसतरा मिली. त्याहून जास्त गेलं किंवा चुकून शिरेत गेलं, तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो, तोंडाला धातूची चव येते. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. असं काही वाटलं तर लगेच बोला. त्यावर २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, हे औषध आहे.

आणि कमरेखालचा भाग बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन. "सिझरच्या वेळच्या सुईनं माझी कंबर जन्माची गेली," हे किती बायांच्या तोंडून ऐकू येतं. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून, भोवतालच्या पाण्यात जाते. टोचल्या जागी काही दिवस दुखतं. काहींना उठून बसलं की डोकं ठणकतं. ते अंगावर काढू नका, उपचार आहेत. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं कारण ही सुई असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्या दुखण्यामागे गरोदरपणाचा ताण असतो, वाकून बाळ उचलणं असतं, विश्रांती न मिळणं असतं. दोष सुईला दिला, की बाईच्या कंबरेकडे बघायचं राहून जातं.

छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी सोडतात. माणूस नीट बोलतो, चालतो, "गाडी मीच चालवतो" म्हणतो. पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, तर २४ तास गाडीची किल्ली घरच्यांकडे राहू द्या. त्या दिवशी दारू नको, महत्त्वाच्या कागदांवर सह्याही नकोत. आणि लहान मुलाचा दात काढला असेल, तर बधिरपणा उतरेपर्यंत त्याच्याजवळ बसा. ओठ सुन्न असतो. मूल तो चावत राहतं आणि त्याला कळतही नाही.