फ्रान्समध्ये नोकरीला आलात? फ्रेंचचा क्लास शोधण्याआधी हे तीन कागद काढा

नमस्कार! फ्रान्समध्ये नव्याने रुजू झालेल्या आपल्या लोकांचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: "फ्रेंचचा चांगला क्लास कुठला?" माझं ऐकाल, तर क्लासचं नाव नंतर. आधी तीन कागद काढून समोर ठेवा: रेसिडेन्स कार्ड, पगाराची स्लिप आणि घराच्या पत्त्याचा पुरावा. तुम्हाला फुकट काय मिळेल आणि पैसे कशाला मोजावे लागतील, हे यांच्यावरच ठरतं.

कार्डापासून सुरू करू. फ्रान्समध्ये स्थायिक व्हायला आलेल्या माणसाला 'ओफी' हे सरकारी कार्यालय बोलावून घेतं आणि त्याच्याशी एकात्मता करार करतं. तिथेच फ्रेंचची चाचणी होते. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. तुमची पातळी ए१ च्या खाली निघाली, तर क्लास सरकारी खर्चाने. आता नीट ऐका. तुमच्या कार्डावर 'तालाँ' (कुशल मंडळींचं कार्ड) लिहिलं असेल, किंवा कंपनीने आयसीटीवर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या कार्डावर पाठवलं असेल, तर हा करार तुम्हाला बंधनकारक नाही. 'तालाँ फामीय' कार्डावर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. म्हणजे ओफी तुम्हाला आपणहून बोलावणार नाही. आयटीतली बरीच मंडळी याच कार्डांवर येतात आणि पत्राची वाट बघण्यात पहिलं वर्ष घालवतात. फार वाईट वाटतं मला याचं. कारण भाषेची अट पुढे गाठतेच: १ जानेवारी २०२६ पासून दहा वर्षांच्या कार्डासाठी बी१ आणि नागरिकत्वासाठी बी२ पातळी लागते. आधी अनुक्रमे ए२ आणि बी१ पुरायची.

आता पगाराची स्लिप. खासगी नोकरीत वर्षभर अर्धवेळ किंवा त्याहून जास्त काम केलं, की तुमच्या नावावर प्रशिक्षणासाठी वर्षाला ५०० युरो जमा होतात, कमाल ५००० पर्यंत. याला सीपीएफ म्हणतात. शेवटी मान्यताप्राप्त परीक्षा असलेला फ्रेंचचा कोर्स यातून करता येतो. मे २०२४ पासून एक ठरावीक रक्कम आपल्या खिशातून भरावी लागते. पण सीपीएफला हात लावण्याआधी एचआरला विचारा. कंपनीचं स्वतःचं प्रशिक्षणाचं बजेट असतं, आणि त्यातून कोर्स मंजूर झाला तर तुमचे ते पैसे शिल्लक राहतात. आणि हो, "तुमचे सीपीएफचे पैसे बुडतील, आत्ताच कोर्स घ्या" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. असे फोन करायला डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बंदी आहे.

तिसरा कागद पत्त्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. पॅरिसमध्ये राहत असाल तर महानगरपालिकेचे प्रौढांसाठीचे वर्ग आहेत. इल-द-फ्रान्समध्ये कुठेही असाल तर 'रेझो आल्फा'च्या साइटवर तुमच्या भागातल्या संस्थांचे वर्ग सापडतात. इतर शहरांत 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेत, आणि 'साँत्र सोसियाल'मध्ये, म्हणजे वस्तीतल्या समाजकेंद्रात, चौकशी करा. बरेचसे वर्ग स्वयंसेवक चालवतात, फी नाममात्र असते. काही दिवसा असतात, त्यामुळे घरी असलेल्या जोडीदाराला फार सोयीचे पडतात. शोधताना 'एफएलई', म्हणजे परकीय भाषा म्हणून फ्रेंच, हीच अक्षरं बघा. 'आल्फाबेतिझास्यों' लिहिलेले वर्ग शाळेत न गेलेल्यांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी असतात. तिथे त्यांची जागा अडवू नका.

प्रवेशाआधी पातळी तपासतात. इथे आपले लोक हमखास अडकतात. ॲपवर रिकाम्या जागा भरून भरून कागदावर ए२ दिसतो, आणि समोरच्या बाईंनी "फ्रान्समध्ये कधीपासून आहात?" एवढं विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. फोन नंबरचंच बघा. फ्रेंच माणूस तो दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. ९२ म्हणायला तो 'कात्र-व्हँ-दूझ' म्हणतो, म्हणजे चार वीस बारा. 'कात्र' कानावर पडलं की आपण ४ लिहितो, मग खोडून ८०, तेही खोडून ९२, तोवर तो पुढच्या दोन जोड्या सांगून मोकळा! म्हणून चाचणीत जसं येतं तसंच बोला आणि एक पातळी खालचा वर्ग मिळाला तरी घ्या. वर्गात प्रत्येकाला किती वेळ बोलायला मिळतं, हेही आधी विचारून घ्या.

पैसे भरून शिकायचं असेल तर पॅरिसची आलियाँस फ्रान्सेझ १८८३ पासून आहे. दुसरी कुठलीही संस्था निवडताना तिला 'लाबेल कालिते एफएलई' हे गुणवत्तेचं मानांकन आहे का, ते बघा. परीक्षेचं म्हणाल तर डेल्फ आणि टीसीएफ या फ्रेंचच्या दोन परीक्षा आहेत: डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, टीसीएफचं दोन वर्षं. जागा मिळेपर्यंत आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या रोज ऐका; सोबत लिखित मजकूरही मिळतो.

आणि कॅलेंडरवर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा राखून ठेवा. तेव्हा गावोगावी 'फोरम दे-झासोसियास्यों' भरतो. सगळ्या स्थानिक संस्था एकाच मैदानात टेबलं मांडून बसलेल्या असतात, शिकवणारी माणसं तिथेच भेटतात. ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत घेऊन सकाळीच जा. वर्ग भरले असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि जानेवारीत पुन्हा विचारा. तोवर काही जण सोडून गेलेले असतात.