तक्ता दोन, ओळ सहावी

मंडळी, मला बोलवलंय ते 'ऑनलाइन संदर्भशोध' अशा भारदस्त विषयावर, पण मी आज एका माणसाचीच गोष्ट सांगणार आहे. त्याला शोधायला मला अकरा महिने लागले. रोज शोधत होतो असं नाही, पण डोक्यातून जात नव्हता एवढं खरं.

वाऱ्याचा वेग मोजायचं ते वाट्यांचं यंत्र बघितलं असेल तुम्ही, गरगर फिरणारं. त्याच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे ते बरोबर मोजतंय का हे तपासण्यावर, १९७४ सालचा एक आठ पानी पेपर आहे, माझ्या कामाला अजूनही लागतो. मिळाला तो स्कॅन, बरा होता, म्हणजे वाचता येत होता, इकडेतिकडे ठिपके, डाग, जुन्या स्कॅनला असतात तसे. तर त्यातल्या तक्ता २ मधे वेग वाढेल तसा आकडा वाढत जातो आणि सहाव्या ओळीत धाडकन खाली येतो, सातव्या ओळीपासून परत नीट वर. आता ही छपाईची चूक, की मोजणाऱ्याची चूक, की खरंच तिथे काहीतरी घडतंय? हे सांगू शकणारा जगात एकच माणूस, ज्याने मोजलं तो. आणि त्याचं नाव काय, तर दोन इनिशियल आणि एक आडनाव, बस. सहलेखक नाही, पूर्ण नाव नाही.

मी आधी तेच केलं जे तुम्ही सगळ्यांनी केलं असतं, नाव टाकलं आणि एंटर मारला. एक दंतवैद्य आला, एक धावपटू आला, एक घरं विकणारा आला. मग अवतरण चिन्हांत टाकलं, मग आडनाव आधी इनिशियल नंतर, मग इनिशियलमधला टिंब काढून. हे फालतू वाटतं पण करावं लागतं, कारण तेच नाव वेगवेगळे लोक वेगवेगळं छापतात. चेबिशेव्ह हा रशियन गणितज्ञ घ्या, एवढा मोठा माणूस, पण रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग फ्रेंचवाले एक करतात, जर्मनवाले दुसरं, इंग्रजीवाले तिसरं, आणि जुन्या संदर्भांत ही सगळी सापडतात. त्यात ओसीआरचा, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं मशीनने ओळखण्याचा, घोळ वेगळाच. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले की मशीन बिनधास्त एम वाचतं, म्हणजे तुमचा माणूस समोर असतो पण भलत्याच नावाने. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग टाकून शोधायची सवय मला तेव्हा लागली आणि खरं सांगतो, त्यातूनच त्याच पेपरची आणखी दोन सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले त्याचे उल्लेख, मिळाली.

गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनाचे पेपर शोधायचं गूगल, २००४ ला सुरू झालं, त्यामुळे आपल्याला वाटतं की जे विद्वत्तेचं आहे ते सगळं त्यात असणार. तसं नाहीये. त्यात काही नोंदींच्या आधी कंसात नुसतं 'सायटेशन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ मजकूर त्यांच्याकडे नाही, कुणीतरी कुठेतरी उल्लेख केलाय एवढंच. ऑर्किड म्हणाल, तर तो संशोधकाच्या ओळखीचा सोळा आकडी नंबर २०१२ पासून मिळतो आणि लेखकाने स्वतः जाऊन काढावा लागतो, १९७४ ला पेपर लिहून मोकळा झालेला माणूस कशाला काढतोय. वायाफ नावाची एक सोय आहे, मोठमोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या लेखकनोंदी त्यात एकत्र जोडल्यात, मला फार आवडते ती, पण तिथे मुख्यतः ज्यांचं पुस्तक कॅटलॉगमधे गेलंय ते सापडतात. आठ पानांच्या पेपरला कॅटलॉगमधे कोण विचारतो? थीसिस असती तर सापडला असता, ती पुष्कळ ठिकाणी पुस्तकासारखी नोंदवतात. याच्या नावावर थीसिसच सापडेना. इथे माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता, नाही पेटला.

मधेच मला अशी शंका आली की हा माणूस आहे तरी का. हसू नका, कारण आहे. १९७५ साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समधे एक पेपर आला, जॅक हेदरिंग्टन आणि एफ. डी. सी. विलर्ड असे दोन लेखक, त्यातला विलर्ड म्हणजे हेदरिंग्टनचं सयामी मांजर. एकट्याने लिहिलेल्या पेपरमधे 'आम्ही' चालणार नाही असं कुणीतरी सांगितलं आणि टाइपरायटरवर सगळं परत टाइप करायचा कंटाळा, म्हणून मांजर सहलेखक! आणि 'स्टुडंट' हे टोपणनावच, स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या प्रत्येकाला ती टी-टेस्ट माहीत असते, १९०८ चा पेपर, तो विल्यम गॉसेट गिनेस ब्रूअरीत नोकरीला होता आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. यापुढची मजा म्हणजे एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमधे संदर्भ कसा लिहायचा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक पेपर दिलेला होता, २००० साल वगैरे टाकून, आणि लोकांनी तो नमुना तसाच आपल्या यादीत राहू दिला. शेकडो पेपरांत तो सापडला. पीटर क्रोनेनबर्ग नावाच्या डच प्राध्यापकाच्या लक्षात आलं की हे जर्नलच अस्तित्वात नाही, आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मधे ते लिहून जगासमोर आणलं. म्हणजे नसलेल्या लेखकाला शेकडो सायटेशन, आणि माझ्या असलेल्या लेखकाला सगळी मिळून एकोणीस.

ती एकोणीसही मी वाचली. त्यातल्या चार जणांनी त्याला 'डॉ.' लावलं होतं. मीही लावत होतो, कारण त्यांनी लावलं होतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. तिसऱ्या महिन्यात मला एक मृत्युलेख सापडला, तीच इनिशियल, तेच आडनाव, वय जुळणारं. झालं. मी फाइल बंद केली, एका सहकाऱ्याला 'गेले बिचारे' असंही कळवलं. दोन महिन्यांनी सहज परत वाचताना खालचा परिच्छेद बघितला तर तो मनुष्य आयुष्यभर गाणं शिकवत होता, वाऱ्याशी त्याचा संबंध फक्त बासरीपुरता. माणूस मेला असं मानलं की शोध थांबवायला इतकं छान कारण मिळतं ना, की पुढचं वाचायची इच्छाच होत नाही.

मग मी नाव शोधायचं सोडलं आणि जागा शोधायला लागलो. पेपरवर विभागाचा पत्ता होता, तो विभाग आता दुसऱ्यात विलीन झालाय. पण १९७० ते ८० मधे त्या विभागातून ज्यांनी पीएचडी केली त्यांच्या थीसिस स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. मी फक्त ऋणनिर्देश वाचत सुटलो. वाचा कधीतरी, फार मजेशीर वाङ्मय आहे ते. गाइडचे आभार कसे मोजूनमापून, बायकोचे घाईघाईत, आणि ज्याने खरंच हात काळे केलेत त्याचे मात्र मनापासून. बाविसाव्या थीसिसमधे सापडला. 'यंत्रशाळेतील श्री. अमुक, यांच्या वाट्या नसत्या तर हा प्रबंध नसता', साधारण असा मजकूर, आणि पूर्ण पहिलं नाव. श्री! डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही, हा माणूस त्या विभागाच्या वर्कशॉपमधला टेक्निशियन. मी अकरा महिन्यांतले नऊ महिने त्याला प्राध्यापकांच्या याद्यांत शोधत होतो.

पुढचं भराभर झालं. पूर्ण नाव हातात होतं, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधे त्या बंद झालेल्या विभागाची जुनी साइट होती, १९९६ पासून ते लोक वेबपानं साठवतायत त्याचे उपकार. तिथे एका वार्तापत्रात निवृत्तीची तीन ओळींची बातमी. म्हणजे माणूस नक्की झाला. आता त्याच नावावर मला घराचा पत्ता, फोन नंबर, नातेवाइकांची नावं देणाऱ्या साइटसुद्धा दिसायला लागल्या, आणि इथे मी थांबलो. पेपरवर सही करणारा माणूस पेपरबद्दलच्या प्रश्नाला बांधील आहे असं एकवेळ म्हणू, पण संध्याकाळी घरी फोन वाजला तर तो घ्यायला बांधील नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, 'ऐंशीच्या पुढचा माणूस, वाट कसली बघतोस, उद्या नसला तर?' त्यातही तथ्य होतं. तरी मी नव्या विभागाच्या ऑफिसला पत्र पाठवलं, आत दुसरं पत्र, आणि विनंती की पत्ता मला देऊ नका, फक्त हे पुढे पाठवा, वाटलं तर ते उत्तर देतील.

सात आठवडे काही नाही. मी विसरलो म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, रोज बघत होतो.

मग एक पाकीट आलं. आत पत्र असं नव्हतंच, त्या पेपरच्या पाचव्या पानाची झेरॉक्स होती, छापील अंकावरून काढलेली, माझ्या स्कॅनपेक्षा बोटभर लांब. सहाव्या ओळीतल्या आकड्याशेजारी ज्याला मी इतके दिवस स्कॅनचा डाग समजत होतो ती फुली होती. आणि पानाच्या तळाशी, स्कॅन करणाऱ्याने कापलेल्या भागात, एक ओळ: हे एक वाचन दुसऱ्या वाट्या लावून घेतले आहे, पहिल्या जोडातील एक वाटी चेपली होती. त्या ओळीखाली पेनने दोन रेघा मारलेल्या, आणि समासात थरथरत्या अक्षरात एवढंच, की तुमच्या पत्रात मला डॉक्टर म्हटलंय, तेही दुरुस्त करून घ्या.