थेंबांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. मी जनावरांची डॉक्टर. दवाखाना शहरात असल्यामुळे गाई-म्हशी क्वचितच येतात, कुत्री-मांजरंच जास्त. हल्ली महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी माझ्या टेबलावर एक छोटी, काळपट काचेची बाटली ठेवतं आणि आवाज उतरवून विचारतं, "मॅडम, हे दिलं तर चालेल का?" आवाज उतरतो कारण बाटलीवर भांगेच्या पानाचं चित्र असतं.

मागे असेच एक काका आले. सोबत बारा वर्षांचा लॅब्राडोर, वजन बरोबर ३० किलो. खुब्याचे सांधे झिजलेले. उठताना आधी पुढचे पाय टेकवतो, मग मागचा भाग ओढत आणतो, आणि फरशीवर तो घसरतो. काका म्हणाले, "पाच थेंब सकाळी, पाच संध्याकाळी. महिना झाला. फरक आहे असं वाटतं." मग जरा थांबून म्हणाले, "आयुर्वेदिकच आहे हो. त्यानं काय होतंय?"

बाटलीत होतं सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्या झाडात अशी शंभरावर द्रव्यं असतात. नशा आणणारं द्रव्य वेगळं, त्याला टीएचसी म्हणतात. सीबीडीनं नशा येत नाही. आपल्या मेंदूत आणि कुत्र्याच्याही मेंदूत या द्रव्यांना प्रतिसाद देणारी एक यंत्रणा मुळातच असते. तिच्यातला शरीरानंच तयार केलेला एक रेणू १९९२ मध्ये सापडला, आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' या शब्दावरून. म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही.

पण काकांच्या बाटलीकडे वळू. मी चष्मा लावून लेबल वाचलं. ३० मिली तेल, त्यात एकूण ३०० मिलिग्रॅम सीबीडी. म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. एका मिलीचे साधारण २० थेंब धरले, तर पाच थेंबांत अडीच मिलिग्रॅम.

आता दुसरी बाजू. सांधेदुखीच्या कुत्र्यांवर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, असा डोस होता. कुत्र्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं. त्या हिशेबानं काकांच्या कुत्र्याला एका वेळी ६० मिलिग्रॅम लागतील, म्हणजे ६ मिली. दिवसाला १२ मिली. ती अख्खी बाटली अडीच दिवसांत संपेल! आणि काका तीच बाटली महिनाभर वापरत होते. अभ्यासातल्या डोसचा चोविसावा भाग त्याच्या पोटात जात होता. काकांनी कागदावर स्वतः भागाकार केला, दोनदा. मग म्हणाले, "म्हणजे मी तेल पाजत होतो."

हा आकडा ऐकून घरी डोस वाढवू नका बरं. त्याच अभ्यासात यकृताशी संबंधित एक एन्झाइम रक्तात वाढलेलं आढळलं, म्हणून असं औषध सुरू करायचं तर आधी आणि नंतर रक्त तपासावं लागतं. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच कोलोरॅडोच्या संशोधकांनी २३ कुत्र्यांवर असाच प्रयोग केला. पाऊल किती जोरानं टेकतं हे यंत्रानं मोजलं, दिवसभराची हालचाल मोजली. त्यांना काहीच फरक मिळाला नाही. मालकाच्या डोळ्यांना मात्र फरक दिसतोच, कारण आपल्याला तो हवा असतो. मलाही माझ्या मांजरीच्या इतर औषधांबाबत तो दिसतो.

दिवाळी आली की दुसरा प्रश्न येतो, फटाक्यांचा. १६ कुत्र्यांना सीबीडीचा खाऊ देऊन फटाक्यांचा आवाज ऐकवल्याचा एक अभ्यास २०२० चा आहे. त्या डोसला भीती कमी झाल्याचं दिसलं नाही. नंतर ४० कुत्र्यांना याहून बराच मोठा डोस एकदाच देऊन घरात एकटं ठेवलं, गाडीतून नेलं, तेव्हा ताणाच्या काही खुणा कमी झाल्या. एवढ्यावर मी तरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री विसंबणार नाही. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी या, भीतीवर वापरात असलेली औषधं आहेत.

आकडीचं मात्र नीट ऐका. फिट येणाऱ्या कुत्र्यांवर २०१९ चा अभ्यास आहे. नेहमीच्या औषधांच्या जोडीला सीबीडी दिल्यावर झटके साधारण एक तृतीयांशानं घटले. पण ज्यांचे झटके निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाले अशा कुत्र्यांचं प्रमाण सीबीडी मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत सारखंच निघालं. आणि यातलं एकही कुत्रं जुनं औषध सोडून सीबीडीवर गेलेलं नव्हतं. फिनोबार्बिटोन हे आकडीचं नेहमीचं औषध अचानक बंद केलं तर झटक्यांवर झटके येऊन कुत्रं दगावू शकतं. दोन्ही एकत्र द्यायची तर तेही डॉक्टरच्या नजरेखालीच, कारण ही औषधं यकृतात एकमेकांच्या वाटेत येतात.

आता बाटलीत नक्की काय असतं ते. माणसांसाठी इंटरनेटवर विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं अमेरिकेत तपासली, २०१७ मध्ये. लेबलाशी जुळली फक्त २६. आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. भांगेच्या बियांचं तेल वेगळं आणि सीबीडी तेल वेगळं. बिया खाद्यपदार्थ आहेत, पहाडात त्यांची चटणी करतात, पण त्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच. 'हेम्प ऑइल' एवढंच लिहिलेली बाटली बहुधा तीच. ज्या बाटलीत सीबीडी खरंच असतं, ते बहुतेक विजयेपासून, म्हणजे भांगेच्या पानांपासून काढलेलं आणि माणसांसाठी, वैद्याच्या चिठ्ठीवर द्यायचं असतं. त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागा. दिला नाही, तर बाटली दुकानातच राहू द्या.

टीएचसी कुत्र्याला माणसापेक्षा फार जड जातं. होळीच्या दुसऱ्या दिवशी असं एखादं कुत्रं हमखास येतं. उभं राहतं, पण जागच्या जागी डुलतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या. डोळ्यांसमोर बोट नेलं की मागे झोकांडी खातं. आणि लघवी ठिबकत असते, त्याला पत्ताही नसतो. घरचे सांगतात, "काही खाल्लं नाही हो." अहो, सांगा! आम्ही पोलीस नाही. थंडाई चाटली हे आधी कळलं तर नको त्या दहा तपासण्या वाचतात.

मांजरांबद्दल माहिती अजून तुटपुंजी आहे, म्हणून मी मांजराला देत नाही. आणि सीबीडी नाही तर नाही, म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, एका गोळीनंही मांजर मरू शकतं. कुत्र्याला इबुप्रोफेनही नको.

काकांच्या लॅब्राडोरला मी सांधेदुखीचं कुत्र्यांचंच औषध लिहून दिलं, रक्त तपासून. वजन चार किलो उतरवायला सांगितलं, म्हणजे संध्याकाळच्या तूप लावलेल्या दोन पोळ्या बंद. काकूंना ते पटलेलं नाही. पण हॉलपासून दारापर्यंत रबरी चटया अंथरल्यात, आणि परवा काका सांगत होते की बेल वाजली की तो आता न घसरता दारापर्यंत येतो. बाटली अजून फ्रीजमध्येच आहे. "महाग होती हो," म्हणाले.

नमस्कार.