पापाची जाणीव आणि पापाचा धसका

पाळकाकडे आणि समुपदेशकाकडेही माणसं अपराधीपणाचं ओझं घेऊन येतात, म्हणून आज तेवढाच विषय घेतो. श्रद्धा आणि मानसशास्त्र यांचा मेळ म्हटलं की वाद ठरलेला. अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांनी १९७० च्या पुस्तकात समुपदेशनाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पुरेसं आहे, अशी भूमिका घेतली. त्याआधी पाच वर्षं, १९६५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेने, मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढलं होतं. वाद चालू राहो. आपल्याला स्पेनमधल्या मान्रेसा या गावी जायचं आहे.

साल १५२२. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला यांनी नुकतंच तीन दिवस घालवून धर्मगुरूंपुढे आयुष्यभराच्या पापांचं लेखी निवेदन केलं होतं. तरी मनाला टोचणी लागलेली, काहीतरी सांगायचं राहिलं. पुन्हा निवेदन, पुन्हा टोचणी. धर्मगुरूंनी सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांगा. पण इग्नेशियसना सगळंच स्पष्ट वाटे! जीव द्यावा असंही मनात येऊ लागलं. आठवडाभर उपास केला, तो धर्मगुरूंनी मोडायला लावला. शेवटी त्यांनी ठरवलं, की जुन्या पापांचं निवेदन आता पुन्हा करायचं नाही. तिथे ते सुटले.

आता १९६६ मध्ये या. लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर मंत्रचळाच्या (नकोसा विचार पुन्हापुन्हा येऊन तीच ती कृती करायला लावणारा आजार, ओसीडी) रुग्णांवर उपचार करताना हेच करत होते. भीती येऊ द्यायची, पण ती शमवणारी कृती करू द्यायची नाही. हात धुण्याचा चळ असो वा क्षमा मागण्याचा, दर वेळी मिळणारा क्षणभराचा दिलासाच चळ वाढवतो.

खऱ्या चुकीचा पश्चात्ताप वेगळा. त्याला नाव असतं, ज्याचं नुकसान झालं तो माणूस असतो, भरपाईची वाट असते. तिथे पाप कबूल करणं हाच उपाय. त्याला आजार म्हणणारा समुपदेशक मला उथळ वाटतो. पण दहाव्यांदा “पाळकसाहेब, देवाने मला क्षमा केली असेल ना?” असं विचारणाऱ्याला अकराव्यांदा वचन वाचून दाखवणं ही माया नव्हे, ती आजाराला दिलेली खुराक आहे. नैराश्यातही नसलेल्या अपराधाचं ओझं वाटतं, हेही ध्यानात असू द्या.

अशा वेळी त्या माणसाच्या संमतीने पाळकाने त्याच्या मानसतज्ज्ञाशी बोलावं. ‘क्षमा झाली का’ याचं उत्तर एकदा द्यायचं, नंतर दोघांनीही द्यायचं नाही, असं तिघांनी मिळून ठरवावं. आणि गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास का, असं कुणी विचारलं तर ते उत्तर डॉक्टरांवर सोडू नका. प्रश्न श्रद्धेचा आहे. ‘नाही’ हे पाळकानेच स्पष्ट सांगायला हवं.